चौदा खांबांची ओसरी

“बाबू, खांब हालला नाई, फीत हालली नाई. मंग हे चार बोटं गेले कोठी?”

बुऱ्हाणपूरच्या म्युनिसिपल कमेटीचा शिपाई, कडू, फितीचं दुसरं टोक धरून पहिल्या खांबाशी उकिडवा बसला होता आणि हाच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होता. शालिग्रामला त्याचा राग आला नाही, कारण सकाळपासून त्याला स्वतःलाही तेच छळत होतं. साळ्यांच्या मोठ्या ओसरीत खांबांच्या दोन रांगा, एकेका रांगेत सात सागवानी खांब. त्याने पहिल्यापासून सातव्यापर्यंत दोरी ताणली, तेव्हा पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा दोरीला बिलगून राहिले. दुसरा, चौथा आणि सहावा मात्र चार चार बोटं बाहेर. पलीकडच्या रांगेतही तीच तऱ्हा.

“गवंडी भांग पिऊन आला असंन,” कडूने निकाल दिला.

“खांब सुतार उभे करतो, गवंडी नाही.”

“मंग दोघंबी संग बसून प्याले असतीन.”

शालिग्राम हसला नाही. मोजायला घेतलेली वस्तू हिशेबात बसली नाही की त्याला जेवण गोड लागत नसे. कमेटीत तो नकाशे काढायचा, पण मोजण्याचा नाद नोकरीच्याही आधीचा होता. राजघाटाच्या पायऱ्या किती, त्यातल्या पाण्याखाली किती, खालून तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा एक बोट बुटकी का, हे सगळं त्याच्या चोपडीत लिहिलेलं होतं. शनवारा दरवाजाची कमान त्याने सावलीवरून मोजली होती. गल्लीतले लोक म्हणत, शालिग्रामला जेवायला बोलावलं तर तो आधी पाट मोजील, मग बसेल. पण हसणारेच लोक त्याचा अभिमानही बाळगून होते. साळीवाड्यातून कमेटीच्या खुर्चीवर जाऊन बसलेला तो एकटाच होता.

आणि आता सगळ्या वाड्याचे डोळे त्या खुर्चीकडे लागले होते. कापसाच्या गाड्या जायला रस्ता रुंद करायचा ठरलं होतं आणि मोठी ओसरी त्या रस्त्याच्या ऐन मध्ये उभी होती. वाचायची एकच वाट होती. नागपूरहून हुकूम सुटला होता की गावोगावच्या जुन्या इमारतींची यादी करा, साहेब स्वतः येऊन पाहील, आणि यादीत ज्या इमारतीचं नाव चढेल तिला कोणी हात लावायचा नाही. यादीचा कागद भरायचं काम कमेटीने शालिग्रामकडे दिलं होतं. बुऱ्हाणपुरात जुन्या इमारतींना काय तोटा? किल्ला, मशिदी, सराया, हमामखाने. ते सगळं लिहून झाल्यावर त्याने शेवटच्या ओळीत हळूच लिहिलं होतं, ‘साळी समाजाची मोठी ओसरी.’

“झालं का रे मोजनं? आमचा ताणा खोळंबला ना.”

दारात त्याची आई, मथुराबाई, उभी होती. हातात सूत गुंडाळलेली असारी, मागे तिची ताण्यातली जोडीदारीण मालूबाई, तिच्याही हातात असारी. दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या होत्या, कारण आत पुरुष होते. साळीवाड्याची रीतच तशी होती. मागावर चढवायचं उभं सूत, म्हणजे ताणा, बायकांनी या ओसरीत फेऱ्या घालून लावायचा, आणि ताणा चालू असेपर्यंत पुरुषाने ओसरीत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर सूत तुटतं म्हणत. पुरुषाने मागावर बसावं, तयार ताणा हाती आला की विणावं. तो कसा आला, हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचंही नाही.

“झालंच, माय,” शालिग्राम म्हणाला आणि फीत गुंडाळू लागला.

मथुराबाईने दोरीकडे पाहिलं, चार बोटं बाहेर आलेल्या खांबाकडे पाहिलं आणि ती तोंडाला पदर लावून मालूबाईकडे बघत हसली. शालिग्रामने ते पाहिलं. आपण सकाळपासून उपाशी दोरी ताणत बसलो म्हणून हसत असेल, असं त्याला वाटलं.

घरी जाऊन त्याने नकाशा काढायला घेतला तेव्हा पेच पडला. खांब जसे आहेत तसे काढले तर साहेब म्हणणार, हे कसलं अडाण्यांचं बांधकाम. पट्टी लावून बसलेला माणूस वाकडी रांग काढणार तरी कशी? शेवटी त्याने मनाशी म्हटलं, सुताराची चूक आपण का मिरवायची? त्याने दोन सरळ रेघा ओढल्या आणि त्यांच्यावर चौदा खांब नीट ओळीने बसवले. नकाशा देखणा दिसू लागला. ‘जपण्याजोगी आहे का? असल्यास का?’ हा शेवटचा रकाना तेवढा त्याने कोरा ठेवला.

दोन दिवसांनी ओसरीत पंच बसले. लोटूआप्पा मधल्या सतरंजीवर. सत्तरी ओलांडलेला माणूस, दात गेलेले, पण शब्द गेला नव्हता. त्यांनी शालिग्रामला सरळच विचारलं, “साहेबाले काय आवडते?”

“शिलालेख आवडतो, आप्पा. कोणी बांधलं, कवा बांधलं ते लिहिलेलं पाहिजे. नाहीतर नक्षी पाहिजे. अन् इमारत धडधाकट पाहिजे.”

“कोनं बांधली आपली ओसरी?”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणी म्हणालं बादशहाच्या वेळची, कोणी म्हणालं पेशव्यांच्या, कोणी म्हणालं माझ्या आजाच्या लग्नात होती एवढं मले मालूम आहे.

“लिहिलेलं नाई तं लिहून घेऊ!” सुकलाल म्हणाला. सुकलाल पंचांत सगळ्यात तरुण आणि सगळ्यात उतावळा. “माझ्या वळखीचा एक पाथरवट आहे. फारसी असं कोरते का मौलवीबी वाचून घेतीन. चार दिवस ताकात भिजवला पत्थर, का झाला दोनशे वर्साचा.”

हशा पिकला. लोटूआप्पासुद्धा हसले, पण त्यांची नजर शालिग्रामवर होती.

“नाही,” शालिग्राम म्हणाला. “खोटं मी कागदावर चढवणार नाही. त्या कागदाखाली माझी सही आहे.”

आपण दोनच दिवसांपूर्वी चौदा खांब खोट्या ओळीत उभे केले, हे त्याच्या मनालाही शिवलं नाही. सुधारणा आणि लबाडी यांत त्याच्या हिशेबी फार मोठं अंतर होतं.

“मंग काय करायचं ते तू सांग,” लोटूआप्पा म्हणाले. “तू शिकेल आहे.”

शालिग्रामने उठून एका खांबावर हात ठेवला. कमरेच्या उंचीवर सगळ्या खांबांना बारीक खाचे पडले होते, एकाला एक लागून, शेकडो. वर्षानुवर्षं सूत घासून लाकूड झिजलं होतं. “हे पाहा. असं कुरतडलेलं लाकूड पाहिलं तर साहेब म्हणंन, ओसरी मोडकळीला आली. हे बुजवा. लाख अन् भुसा भरून वरून रंग मारा. भिंतींना चुना लावा. सध्याची अवस्था उत्तम, असं मले खरं लिहिता आलं पाहिजे.”

झालं. समाजाला तेवढंच हवं होतं. करायला काही नसताना भीती वाटते. हाताला काम मिळालं की माणूस गाणी म्हणू लागतो. पुढचे चार दिवस साळीवाड्यातले माग बंद राहिले. कोणी लाख वितळवली, कोणी खाचे भरले, कोणी जवसाच्या तेलात हिरवा रंग खलला. रंगाचा हात कोरडा होईपर्यंत माणसं फुंकर घालत उभी राहिली. चौदा खांब हिरवेगार झाले.

रंग चालू असताना मथुराबाई एकदा दारापर्यंत आली होती. शालिग्राम बाहेर गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “शाल्या, ते खाचे नोको बुजवू रे.”

“काहून?”

“सूत बसते त्याच्यात.”

“माय, साहेब नागपूरहून येऊन राह्यला. त्याले काय तुझं सूत पाहायचं आहे?”

ती परत फिरली. शिकलेला मुलगा बोलला म्हणजे ते बरोबरच असणार, असं मानायची तिला सवय होती. ती सवय तिला त्यानेच लावली होती.

साहेब माघातल्या एका सकाळी आला. तीन दिवस किल्ला आणि मशिदी पाहून त्याचे बूट पांढरे झाले होते आणि दुपारच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. ओसरीला तो पाच मिनिटं देईल असं सांगण्यात आलं होतं. पंच धुतलेली पागोटी बांधून ओळीने उभे होते. बायका दाराबाहेर, भिंतीच्या आडोशाला.

साहेब उंच होता, वयाने साठीकडे झुकलेला, आणि आत येताच त्याने टोपी काढली. हे सगळ्यांना फार बरं वाटलं. त्याने भिंतीकडे पाहिलं नाही, छताकडे पाहिलं नाही. हातातला नकाशा उघडला, पहिल्या खांबापाशी गेला, एक डोळा मिटला आणि रांगेकडे पाहत राहिला. मग नकाशाकडे पाहिलं. मग पुन्हा रांगेकडे.

“ये नक्शा किसने बनाया?” त्याने विचारलं. त्याची हिंदुस्तानी स्वच्छ होती.

“मैंने, हुजूर.”

“नक्शे में सीधा है. यहाँ सीधा नहीं है.”

शालिग्राम पुढे सरकला. “हुजूर, वो सुतार की गलती है. हमने नक्शे में ठीक कर दी.”

“दोनों तरफ़ वही गलती? और हर बार चार उँगल?” साहेब रागावला नव्हता. तो खांबाला हात लावून पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मोजताना शालिग्रामच्या चेहऱ्यावर असायचं. त्याच्या बोटाला थोडा हिरवा रंग लागला. “ये मकान किस काम के लिए बना था?”

“शादी-ब्याह, हुजूर,” लोटूआप्पा पुढे होऊन म्हणाले. “पंचायत. तेरवी का खाना.”

“इतना लंबा और इतना सँकरा? शादी के लिए?”

साहेब थांबला. त्याने खिशातून घड्याळ काढलं नाही, हे शालिग्रामला नंतर कितीतरी दिवस आठवत राहिलं. तो खरोखर उत्तराची वाट पाहत होता.

दाराबाहेरून आवाज आला. “ताण्यासाठी बांधली ना ओसरी. आमच्यासाठी.”

मथुराबाईचा आवाज होता, दबका, पण आत ऐकू येण्याइतका. साहेबाने मान वळवली. “क्या कहती है?”

आणि शालिग्रामने मागे वळून हाताने खूण केली. चूप. पाचही बोटं जुळवून, हात खाली दाबून. पंचांसमोर, साहेबासमोर बाई मध्येच बोलली याची त्याला लाज वाटली. आणि ती बाई आपली आई आहे, सूत लावत फिरणारी, याची त्याहून जास्त वाटली. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, कारण त्याने ती पुढे स्वतःच सगळ्यांसमोर सांगितली.

“कुछ नहीं, हुजूर. घर की औरत है.”

साहेबाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि नकाशाची घडी घातली. “बाबू, चीज़ किसलिए बनी, यही कोई न बताए तो मैं क्या लिखूँ?” मग टोपी घालून तो टांग्यात बसला.

साहेब गेल्यावर पंच खूश होते. टोपी काढली म्हणजे काम झालं, असं सुकलालचं म्हणणं पडलं. शालिग्राम मात्र कमेटीत जाऊन खुर्चीवर बसला आणि त्याला एक आकडा लिहिता येईना. ‘आमच्यासाठी.’ असं ती का म्हणाली? दुपारी तो उठला आणि साळीवाड्यात परत आला. ओसरीचं दार लोटलेलं होतं. आतून पावलांचा आवाज येत होता, दोन बायकांचा, सारखा, संथ. ताणा चालू होता.

उंबऱ्याशी तो थबकला. अडतीस वर्षांच्या आयुष्यात ही रीत त्याने कधी मोडली नव्हती. मग त्याने जोडे काढले आणि आत गेला.

मालूबाईने “अगं माय!” म्हणून असारी छातीशी धरली. मथुराबाई चालता चालता थांबली.

“सूत तुटंन, शाल्या.”

“तुटू दे. माय, हे खांब वाकडे काहून आहेत?”

“वाकडे?” तिने खरंच आश्चर्याने विचारलं. “वाकडे कुठी? असेच पायजे ते. पाह्य इकडं.”

ती चालू लागली. असारीवरून सूत सुटत होतं आणि ती ते पहिल्या खांबाच्या बाहेरून, दुसऱ्याच्या आतून, तिसऱ्याच्या बाहेरून नेत होती. हात पुढे मागे इतका सहज होत होता की तो काही करतोय असं वाटतच नव्हतं. “सीधे असते तं सूत मधीच लोंबलं असतं. ढिल्ला ताणा काय कामाचा? आता एकेक खांब त्याले धरते अन् पुढच्याच्या हवाली करते. बांधनाऱ्याले अक्कल होती बाबा. त्याची बायको असंन ताणेवाली, तिनंच सांगलं असंन.”

सातव्या खांबाला वळसा घालून ती परत आली, जाताना बाहेरून नेलेलं आता आतून आणत. “एक जानं, एक येनं. झाले चार लुगडे.”

शालिग्रामच्या डोक्यात आकडे आपोआप हलले. पहिल्यापासून सातव्या खांबापर्यंत चौपन्न फूट. जाणं येणं मिळून एकशे आठ. म्हणजे छत्तीस वार. नऊ वारी चार लुगडी, बरोबर, ना एक वीत कमी ना एक वीत जास्त. त्याने डोळे मिटून घेतले. ही इमारत नव्हतीच. हे घराएवढं थोरलं अवजार होतं, वर छप्पर घातलेलं, आणि लग्नं-तेरव्या त्यात सवडीने होत होत्या. अख्ख्या शहरात असं दुसरं नव्हतं. अख्ख्या मुलखात तरी असेल का कोण जाणे. राजघाटाच्या पायऱ्या मोजणाऱ्या माणसाला आपली आई चाळीस वर्षं कुठे आणि का चालते, हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो त्याने आयुष्यभर घातला होता.

तेवढ्यात चौथ्या खांबावरचं सूत सरसर घसरलं आणि खाली आलं. मथुराबाईने जाऊन ते उचलून पुन्हा कमरेच्या उंचीवर बसवलं आणि बोटाने दाबून धरलं. दुसऱ्या खांबावरचं घसरलं, तिथे मालूबाई धावली.

“हे काय होऊन राह्यलं?”

“रंगावर टिकत नाई,” मालूबाई बोलून गेली. “आठ दिवस झाले. एका ताण्याले दोन दिवस लागतेत आता.”

“मले सांगितलं काहून नाही?”

मथुराबाईने सूत दाबून धरलेलं बोट काढलं नाही. “सांगतलं होतं ना,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते शालिग्रामला फार लागलं.

त्याच संध्याकाळी त्याने नवा नकाशा काढला. खांब जिथे होते तिथे, चार चार बोटं बाहेर. सुताची वाट तांबड्या शाईने दाखवली. शेवटचा रकाना पुरला नाही म्हणून दोन कागद जोडले. आपला पहिला नकाशा चुकीचा होता, आणि चूक सुताराची नसून काढणाऱ्याची होती, हेही लिहिलं आणि खाली सही केली. कागद नागपूरला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकू घेऊन ओसरीतल्या चौथ्या खांबावरची लाख खरवडायला गेला, पण लाखेबरोबर लाकडाचे कंगोरेही निघून यायला लागले, तेव्हा त्याने हात थांबवला.

नागपूरहून उत्तर आलं तेव्हा फाल्गुन संपत आला होता. नवे कागद पोचायच्या आधीच यादी छापायला गेली होती आणि तिच्यात ओसरीचं नाव नव्हतं. सोबत साहेबाच्या शेऱ्याची नक्कल होती, एकाच ओळीची: ‘नुकतीच नव्याने केलेली इमारत, मूळ उपयोग स्थानिक लोकांनाही ठाऊक नाही.’ त्या शेऱ्यातला एक शब्दही खोटा नव्हता. चैत्राच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ओसरी उतरवायला मजूर येणार, असं कमेटीतून कळवण्यात आलं. तो कागदही शालिग्रामच्याच टेबलावरून गेला.

रविवारी दुपारी ओसरीत शेवटची पंचायत बसली. सगळा साळीवाडा लोटला होता. पुरुष सतरंज्यांवर, बायका बाहेर अंगणात. बोलायला विषय असा नव्हताच. माणसं नुसती येऊन बसली होती. लोटूआप्पांनी विचारलं, “कोनाले काही म्हनायचं आहे का?”

शालिग्राम आत बसला नव्हता. तो बाहेर पायरीवर उभा होता, पागोटं काढून हातात घेतलेलं. गुन्हेगाराने पंचांसमोर असं उभं राहायचं असतं. ते पाहून कुजबूज थांबली.

“हे काय, शालिग्राम?” लोटूआप्पा म्हणाले. “तुले कोनं उभं केलं?”

“मीच, आप्पा. माझा गुन्हा आहे.”

त्याने सगळं सांगितलं. सरळ ओढलेल्या दोन रेघा सांगितल्या, बुजवलेले खाचे सांगितले. साहेब थांबला होता तेही सांगितलं. मग हात पुढे करून तो म्हणाला, “माय बाहेरून खरं ते बोलली, अन् मी तिले चूप केलं. या हातानं. साहेबाले उत्तर पाहिजे होतं, ते उंबऱ्यावर उभं होतं. मले लाज वाटली. पंच जो दंड करतीन तो मले कबूल आहे.”

“अरे, रंग तं आम्ही सगळ्याइनं लावला,” सुकलाल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “तू एकटा काहून उभा राह्यला?”

लोटूआप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. “दंड होईन,” ते खांबाकडे पाहत म्हणाले. “पन दंड ठरवाले आधी काय बिघडलं ते समजलं पायजे. तीस वर्सं मी इथी बसून न्याय करून राह्यलो, अन् खांब वाकडे काहून हे मले मालूम नाई. तुमच्यातल्या कोनाले आहे का?”

आप्पांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि दाराकडे बोट केलं.

“मंग मथुरावहिनीले बोलवा.”

अंगणात गलबला झाला. पंचायतीत बाई आत आलेली कोणाला आठवत नव्हती. बायकांनी मथुराबाईला पुढे ढकललं. ती उंबऱ्यापाशी आली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तिथेच थांबली. पायरीवर उभ्या असलेल्या मुलाकडे तिने पाहिलं. जाता जाता त्याच्या खांद्यावर हात टेकला, चढताना आधार घ्यावा तसा.

“या, वहिनी,” लोटूआप्पा सरकले आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली. “बसा.”

मथुराबाई त्या जागेकडे बघत राहिली.

“आप्पा, चाळीस वर्सं चालली मी या ओसरीत,” ती म्हणाली. “बसली कधीच नाई. बसून मले सांगता नाई येनार.”

लोटूआप्पांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि ते उठले. ते उठले म्हणून सुकलाल उठला, मग बाकीचे पंच, मग सगळेच. सतरंज्या गुंडाळून भिंतीशी लावल्या गेल्या आणि पुरुष भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पाय आवरून, वाट मोकळी सोडून.

मालूबाईने बाहेरून असारी आणून तिच्या हातात दिली. मथुराबाईने पहिल्या खांबाला सुताचं टोक बांधलं आणि चालायला सुरुवात केली.